घोळाच्या भाजीतली अळी आणि सामोआचे गायब झालेले नर

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माय शेतातून येताना बांधावरची घोळ तोडून घेऊन आली, डाळ टाकून लसणाची फोडणी द्यायची आणि कळण्याच्या भाकरीसोबत खायची असा बेत होता, आणि निवडायला बसली तर भाजीत तीन अळ्या निघाल्या. काळ्याकुट्ट, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे, डोक्यावर दोन शिंगं. ती झटकून टाकणार तेवढ्यात मी "थांब थांब" करत लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आलो. "कसाले त्या किडासना मांगे लागस रे भाऊ?" असं माय म्हणाली. तिथेच उत्तर द्यायला बसलो असतो तर फोडणी करपली असती, म्हणून आता इथे लिहितोय.

त्या अळ्या छोट्या चांदव्याच्या होत्या. फुलपाखराचं नाव. नर काळाभोर असतो आणि पंखांवर चंद्रासारखे पांढरे गोल ठिपके, त्यांच्या कडेने निळी-जांभळी झाक, उन्हात तिरकं बघितलं की चमकते. मादी मात्र त्याच्यासारखी अजिबात दिसत नाही, तिच्याकडे शेवटी येतो. पण मला त्या बरणीकडे बघून आठवला तो याचा मोठा भाऊ, मोठा चांदवा. तोही आपल्याकडे पावसाळ्यात बागेत, नाल्याच्या काठाला दिसतो, आणि इथून पार ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेला आहे. आपल्या खान्देशाला समुद्र नाही, बेट म्हणजे काय ते आपण नकाशात नाहीतर पिक्चरमध्ये बघणार, पण या मोठ्या चांदव्याचं सामोआच्या बेटांवर जे झालं ते ऐकलं तर उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षं चालणारं काहीतरी कंटाळवाणं प्रकरण ही समजूत कायमची जाते, माझी तरी गेली.

सामोआत दोन मोठी बेटं, उपोलू आणि सवाई. २००१ साली तिथल्या मोठ्या चांदव्यांची मोजणी केली तेव्हा शंभरात जेमतेम एक नर होता. एक! बाकी नव्याण्णव माद्या. आणि हे काही त्या वर्षापुरतं नव्हतं, १९२०च्या दशकातच तिथे अळ्या पाळून बघणाऱ्यांना दिसलं होतं की बऱ्याच माद्यांना फक्त मुलीच होतात. तेव्हा कारण कळलं नाही. कारण निघालं एक बॅक्टेरिया, वोल्बाकिया नावाचा, जो किड्यांच्या पेशींच्या आत राहतो आणि आईच्या अंड्यातून पोरांमध्ये जातो. वडिलांकडून जात नाही, कारण शुक्राणूत त्याला जागाच नसते. आता त्या बॅक्टेरियाच्या बाजूने विचार करा, मुलीच्या अंगात गेलो तर पुढे तिच्या अंड्यातून नातींमध्ये, पणतींमध्ये जाता येतं, पण मुलाच्या अंगात गेलो तर तो शेवटचा थांबा, गाडी पुढे जातच नाही. मग काय करायचं, तर नर गर्भ अंड्यातच मारून टाकायचा. त्यात फायदा असा की भाऊ मेले की बहिणींना पाला जास्त मिळतो, स्पर्धा कमी, आणि त्या बहिणींच्या अंगात तोच बॅक्टेरिया बसलेला. इतकं थंड डोक्याचं गणित कुठल्या सावकारालाही जमणार नाही. (बॅक्टेरियाला डोकं नसतं हे मला माहितेय, पण बोलायला सोपं जातं.)

तर अशी ती बेटं, जवळपास सगळ्या माद्याच, कित्येकींना आयुष्यात नर भेटतच नाही. पॅसिफिकमधल्या वेगवेगळ्या बेटांवर नरांचं प्रमाण वेगवेगळं असतं, आणि जिथे नर कमी तिथे ते थकलेले आढळले, म्हणजे खरोखर थकलेले, एकामागून एक माद्यांशी मीलन करून त्यांच्या शुक्राणूंची पुडी लहान लहान होत गेलेली. ऐकायला गंमत वाटते पण ती अख्खी जमात कड्याच्या टोकावर उभी होती.

आणि मग २००६ साली संशोधक सिल्व्हां शार्ला आणि ग्रेग हर्स्ट यांच्या टीमने परत मोजलं तर नर जवळपास ४० टक्के! पाच वर्षांत एकावरून चाळीसवर. फुलपाखराच्या दहा पिढ्याही झाल्या नव्हत्या. माणसाच्या हिशेबात दहा पिढ्या म्हणजे फार तर पानिपतापर्यंत मागे जाता, तेवढ्यात अख्ख्या जमातीची घडी बदलली. २००७ साली हे सायन्स नावाच्या विज्ञान-साप्ताहिकात आलं.

पहिल्यांदा कुणालाही वाटेल की बॅक्टेरिया गेला असेल. तर नाही, तो तिथेच होता, तितकाच होता. बदललं होतं फुलपाखरू. त्याच्या जीन्समध्ये, म्हणजे जनुकांमध्ये, असं काहीतरी आलं होतं की बॅक्टेरिया अंगात असूनही नर गर्भ मरत नव्हता. आणि एकदा असा जीन आला की तो का धावत सुटणार नाही, बघा ना, जिथे ९९ माद्यांमागे एक नर आहे तिथे ज्या आईचा मुलगा जगला त्या मुलाला किती पोरं होतील? अख्ख्या गावात एकच नवरदेव. पुढच्या पिढीतल्या प्रत्येकाला आई एक आणि बाप एक लागतोच, त्यामुळे पुढच्या पिढीचे अर्धे जीन्स नरांकडूनच येणार, आणि नर मूठभरच असतील तर तो अर्धा वाटा त्या मूठभरांतच वाटला जाणार. रोनाल्ड फिशर नावाच्या गणितज्ञाने हा मुद्दा १९३० सालीच मांडून ठेवला होता, जे लिंग कमी आहे त्याला जन्म देणाऱ्याचा फायदा, म्हणून प्रमाण फिरून अर्ध्या-अर्ध्यावर येतं. सामोआत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय खटकतं ते सांगतो. ती बेटं आधी निदान ऐंशी वर्षं तशीच अडकून पडली होती. ऐंशी वर्षं गरज होतीच की! नर वाचवणारा जीन मिळाला तर केवढा फायदा, पण तो नव्हता म्हणून काहीच झालं नाही. आग्नेय आशियात हा मोठा चांदवा आधीपासून असा जीन बाळगून होता, तिकडे बॅक्टेरियाची मात्रा चालत नाही. सामोआत तो बाहेरून उडत आला असेल किंवा तिथेच नव्याने तयार झाला असेल, पण येईपर्यंत नैसर्गिक निवड हात चोळत बसली होती. आपण शाळेत "परिस्थितीनुसार प्राणी बदलतात" असं वाक्य पाठ केलं, ते अर्धवट आहे. भाजी बाजारातून निवडून आणायची तर बाजारात ती असायला पाहिजे, नसली तर कितीही भूक लागो.

म्हणून बेटांवर खरा प्रश्न असतो की टोपलीत आहे किती.

हे समजायला घरातलं पोतं घ्या. पोत्यात दादर (रब्बी ज्वारी) आहे आणि तिच्यात शंभरात पाच दाणे मुगाचे मिसळलेत. डोळे मिटून दहा दाणे काढा. त्या दहात एकही मूग नसण्याची शक्यता साधारण ६० टक्के. शंभर दाणे काढले तर हीच शक्यता १ टक्क्याच्याही खाली. आता दादर-मूग काढून टाका आणि जीन म्हणा. वाऱ्यावर भरकटून एखाद्या बेटावर पाच फुलपाखरं पोचली, प्रत्येकाकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती, म्हणजे दहा दाणे झाले. मूळ जमिनीवर शंभरात पाच असलेला एखादा कामाचा जीन त्या बेटावर पोचलाच नाही अशीच शक्यता जास्त! आणि पोचला तरी खेळ संपत नाही, कारण पुढच्या प्रत्येक पिढीत परत तीच मूठ भरायची. दहाच जीव असलेल्या वस्तीत दर पिढीला जनुकीय विविधता सुमारे ५ टक्क्यांनी घसरते, दहा पिढ्यांत ६० टक्के उरते. हजार जीव असतील तर दहा पिढ्यांनंतरही साडेनव्याण्णव टक्के शाबूत. यात चांगलं-वाईट असं काही नाही, कुणी निवडत नाही, नुसता नशिबाचा खेळ, शास्त्रज्ञ त्याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात आणि लहान बेटांवर तो नैसर्गिक निवडीवर सुद्धा मात करतो.

हा खेळ फुलपाखरांच्या जिवावर कसा येतो ते जगात सगळ्यात बारकाईने बघितलं गेलं ते फिनलंडमध्ये. स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रात ओलांड नावाचा द्वीपसमूह आहे, आणि तिथे ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी नावाचं नारिंगी-काळ्या जाळीचं फुलपाखरू. याच्या अळ्या खातात ते एक झाड आपल्या इसबगोलाची चुलत बहीणच आहे, प्लँटॅगो कुळातलं. हेलसिंकीचे शास्त्रज्ञ इल्का हान्स्की यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथली जवळपास ४,००० कुरणं नोंदवून ठेवली, लहान लहान, काही तर आपल्या खळ्याएवढी, आणि दर शरद ऋतूत विद्यार्थ्यांची फौज जाऊन प्रत्येक कुरणात अळ्यांची रेशमी घरटी मोजते. अळ्या हिवाळाभर त्या घरट्यात एकत्र झोपून राहतात त्यामुळे मोजायला सोपं पडतं. कुठल्याही एका वर्षी त्यातली पाचशेच्या आसपासच कुरणं भरलेली असतात, बाकी रिकामी. आणि भरलेली कुठली, रिकामी कुठली हे दरवर्षी बदलतं. एक विझतं, दुसरं पेटतं. म्हणजे समुद्रातल्या बेटावर परत गवताची बेटं.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर इलिक साक्केरी आणि हान्स्की यांच्या टीमने यातल्या ४२ वस्त्यांमधल्या फुलपाखरांचे जीन तपासले. नंतर परत जाऊन बघितलं तर ४२ पैकी ७ वस्त्या संपल्या होत्या. कुठल्या संपल्या? कुरणाचा आकार, शेजारी किती वस्त्या, हे सगळं गणितात धरूनही वर एक गोष्ट उरलीच, ज्यांच्यात जनुकीय विविधता कमी त्या जास्त संपल्या. १९९८ साली नेचर या विज्ञान-साप्ताहिकात हा पेपर आला आणि त्याने एक जुना वाद बराचसा मिटवला, कारण तोपर्यंत बरेच जण म्हणायचे की जवळच्या नात्यातलं मीलन वगैरे प्राणिसंग्रहालयातल्या भानगडी आहेत, जंगलात प्राणी त्याआधीच पूर-दुष्काळाने मरतात.

नात्यातल्या मीलनाने होतं काय, तर प्रत्येकाच्या अंगात काही बिघडलेले जीन दडून असतात, एक प्रत खराब, दुसरी चांगली, काम चालतं. भाऊ-बहिणीत तीच खराब प्रत दोघांकडे असण्याची शक्यता मोठी, मग पोराच्या वाट्याला दोन्ही खराब येऊ शकतात. या फुलपाखरांत भाऊ-बहिणीच्या मीलनाच्या एकाच पिढीनंतर अंडी फुटण्याचं प्रमाण स्पष्ट घसरलेलं दिसलं. आपल्याकडे सोयरीक जमवायची म्हटलं की चहा यायच्या आधी कूळ आणि देवक विचारतात. फुलपाखरू बिचारं काय विचारणार, कुरणात चारच कुटुंबं असतील तर त्यातच.

ओलांडमधली अजून एक गोष्ट मला फार आवडते. पीजीआय नावाचा एक जीन आहे, साखर जाळून ऊर्जा काढण्याच्या कामातला. त्याचा एक प्रकार ज्या माद्यांकडे असतो त्या जोरात उडतात, थंडीतही लवकर उडायला लागतात. नव्याने वसलेल्या कुरणांवर बघितलं तर अशा उडाणटप्पू माद्या जास्त. साहजिक आहे म्हणा, लांबच्या रिकाम्या कुरणावर पोचणार कोण, जिला उडता येतं तीच. पण कुरण फारच एकटं पडलं, शेजारी कुणी नाही, तर तिथून उडून जाणं म्हणजे मरण, मग जी घरात बसते तिचीच पोरं उरतात. डार्विनने मदीराच्या बेटांवरच्या भुंग्यांबद्दल हेच लिहून ठेवलंय, तिथल्या ५५० प्रकारांपैकी २०० प्रकारांना उडताच येत नव्हतं, त्याचं म्हणणं, जे उडायचे ते वाऱ्याने समुद्रात गेले. म्हणजे बेट तुम्हाला धाडसीही करतं आणि घरकोंबडाही करतं, बेट किती लांब आणि किती जुनं त्यावर.

बेटांवरचे फरक नशिबाने होतात की निवडीने यावर इंग्रजांनी भरपूर डोकी फोडली आहेत. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला सिली नावाची बेटं आहेत (हो, नाव सिलीच आहे), तिथे ई. बी. फोर्ड आणि डाउड्सवेल हे दोघं शास्त्रज्ञ १९४०च्या दशकापासून जात होते आणि मेडो ब्राउन नावाच्या अगदी साध्या तपकिरी फुलपाखराच्या मागच्या पंखाखालचे ठिपके मोजत होते, शून्य ते पाच. वर्षानुवर्षं. कुणी विचारलं असतं की काय काम करता तर काय सांगत असतील देव जाणे. पण त्यातून निघालं की तीन मोठ्या बेटांवर ठिपक्यांचं प्रमाण एकसारखं, आणि लहान बेटांवर मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. विरोधक म्हणाले, बघा, लहान बेट, मूठभर पूर्वज, नशिबाचा खेळ. फोर्ड म्हणाला, नाही, मोठ्या बेटावर सगळ्या प्रकारची जागा असते म्हणून सरासरी सारखी येते, लहान बेटावर एकाच प्रकारची जागा, म्हणून निवडही तशी टोकाची. आणि टीन नावाच्या एका लहान बेटावर १९५० साली गुरं काढून टाकली, गवत-झुडूप वाढलं, तर ठिपक्यांचं प्रमाणही बदललं, हे तो पुरावा म्हणून दाखवायचा. मला विचाराल तर दोघंही थोडे थोडे बरोबर होते आणि दोघांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

आता घराजवळ येतो. जळगाव जिल्ह्यात कुणाच्याही लिंबाच्या झाडापाशी अर्धा तास उभे राहा, कॉमन मॉरमॉन दिसेलच, काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची माळ. लिंबू, बेल, कढीपत्ता यांवर अंडी घालतं. याला आपल्याकडे बहुरूपी म्हणतात आणि ते नाव इंग्रजीपेक्षा शंभर पट चांगलं आहे. नर एकाच रूपाचे, पण मादी तीन रूपांत येते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोजसारखी, तिसरी क्रिमसन रोजसारखी. ही दोन्ही रोज फुलपाखरं ईश्वरीसारख्या विषारी वेली खाऊन वाढतात, पक्ष्याने एकदा चाखलं की परत तोंड लावत नाही. बहुरूपीच्या अंगात विष नाही, नुसतं सोंग आहे.

लहानपणी आमच्या गावात बहुरूपी यायचे, कधी पोलीस बनून, कधी डाकू बनून. फौजदाराच्या वेशात एकटा आला तर क्षणभर का होईना बापयांच्या पण पोटात गोळा यायचा. तेच दहा फौजदार एकदम आले असते तर कुणी घाबरलं असतं का? आणि ज्या गावाने आयुष्यात खरा फौजदार पाहिलाच नाही तिथे सोंगाला अर्थ काय! फुलपाखरातही अगदी हेच चालतं, नकली जास्त झाले की पक्षी शिकतात की हे खायला चांगलं आहे, आणि खरा विषारी भाऊ जवळपास नसेल तर नक्कल बिनकामाची.

आणि हे तपासायला निसर्गानेच एक प्रयोग लावून दिला, परत एका बेटावर. जपानच्या दक्षिणेला र्यूक्यू बेटांची रांग आहे, त्यातलं एक मियाको. तिथे बहुरूपी होतं पण खरा विषारी कॉमन रोज नव्हता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तो दक्षिणेकडच्या बेटांवरून सरकत सरकत मियाकोवर येऊन स्थायिक झाला. आधी तिथे रोजची नक्कल करणाऱ्या माद्या थोड्याच होत्या, फौजदार गावात आल्यावर त्यांचं प्रमाण भराभर वाढत गेलं, जपानी संशोधकांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी लावून ते दाखवलं, आणि एवढा वेग नुसत्या नशिबाने येत नाही, निवडच लागते हेही गणिताने दाखवलं.

इथे पण टोपलीचाच मुद्दा आहे बघा. नक्कल करणारा जीन तिथे थोडा का होईना शिल्लक होता म्हणून तो वाढला. आणि तो जीन काही साधा नाही. आपले फुलपाखरांचे शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे शिकागोचे सहकारी यांनी २०१४ साली नेचरमध्ये दाखवलं की मादीची ही सगळी सोंगं एकाच जीनपाशी ठरतात, डबलसेक्स नावाच्या, जो मुळात किड्याचं शरीर नराचं की मादीचं हे ठरवतो. नक्कल करणाऱ्या मादीत तो तुकडा क्रोमोसोममध्ये (गुणसूत्रात) उलटा बसलेला असतो, त्यामुळे त्याची दुसऱ्या प्रतीशी सरमिसळ होत नाही, सोंग अर्धंमुर्धं न येता पूर्ण उतरतं. अशी गोष्ट एकदा बेटावरून हरवली तर परत तयार व्हायला किती काळ लागेल याचा विचार करा.

सामोआच्या चांदव्याचं अजून एक सांगायचं राहिलं. नर वाचवणारा जीन पसरला तेव्हा तो एकटा नाही पसरला. क्रोमोसोमवर त्याच्या आजूबाजूला जे जे बसलं होतं ते पण सोबत ओढलं गेलं, लग्नाच्या टेम्पोत नवरदेवासोबत अर्धं गाव जातं तसं. २००१ आणि २००६च्या आसपास पकडून ठेवलेली फुलपाखरं शेजारी ठेवून नंतर तपासली तर क्रोमोसोमचा एक मोठा पट्टाच्या पट्टा बदललेला निघाला. म्हणजे निवड जिंकली तरी जिथून ती गेली तिथली जुनी विविधता झाडून निघते.

हे सगळं वाचताना मला सारखं आमचं शिवार आठवतं. रावेर-यावलकडची केळी बघा, मैलोन्मैल, सगळी टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, एकेक खोड दुसऱ्याची झेरॉक्स. आमच्या आबांच्या वेळी बसराई असायची, श्रीमंती असायची, आता नाव काढलं तर पोरं विचारतात ते काय. जीन्सच्या भाषेत तो अख्खा पट्टा म्हणजे एकच झाड आहे. त्यात हरण्या (केळीचा विषाणूजन्य रोग) आला की या बागेतून त्या बागेत जातो, कारण त्याला एक झाड जमलं म्हणजे सगळी जमली. ग्रो मिशेल नावाची केळी एके काळी जगभर निर्यात व्हायची, १९५०च्या दशकात पनामा रोगाने तिचे मळे संपवले आणि मग व्यापार आत्ताच्या कॅव्हेंडिश गटावर आला, ज्यातली आपली ग्रँड नैन. एकाच दाण्याचं पोतं.

कपाशीत याच्या बरोबर उलटी फजिती झाली. २००२ साली बीटी आली, बोंडअळी मरायला लागली, सगळे खूश. पण अळ्यांच्या त्या अब्जावधी गर्दीत बीटीला न जुमानणारा एखादा जीन कुठेतरी होताच, ते पोतं मोठं होतं ना. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचं साध्या कपाशीचं पाकीट मिळायचं, शेताच्या कडेने लावायला, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील आणि चिवट पतंगांना साधे जोडीदार मिळून चिवटपणा पातळ होत राहील. थोडक्यात साध्या जीन्सचं एक बेट राखून ठेवायचं. आमच्याकडे ते पाकीट कुणी लावलं ते मला आठवत नाही, आम्ही तरी नाही लावलं, बांधावर पडलेलं असायचं. वर फरदड घ्यायची, पार उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी उभी, गुलाबी बोंडअळीला बारा महिने जेवण. २०१७ साली बोंडं फोडून बघितली तेव्हा आत गुलाबी अळ्या आणि डागाळलेला कापूस, अख्ख्या राज्यात तीच बोंब. ज्या किड्याला संपवायचं होतं त्याच्याकडे विविधता भरपूर होती, आणि निवडीचा चाबूक आम्हीच चालवला.

आणि फुलपाखरांची बेटं आपल्याकडे पण आहेत, फक्त भोवती पाणी नाही. सॅटेलाइटचा फोटो उघडा, वर सातपुड्याची हिरवी पट्टी, यावलचं जंगल, खाली चाळीसगावकडे पाटणादेवी, आणि मधे तापी-गिरणेचा सपाट पट्टा, नुसती कपाशी आणि केळी. एखाद्या फुलपाखराला सातपुड्यातून पाटणादेवीला जायचं असेल तर वाटेत थांबायला काय आहे, तर बांध, नाल्याकाठची झुडपं, देवळामागचा बेल, पडीक रान. मे महिन्यात ४५ डिग्रीत ते अंतर काय असेल विचार करा. आणि बांध आता बारीक होत चाललेत, दोन्हीकडून नांगर घासतो, आणि निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक मारतात, घोळ त्यातच जाते. आमच्या बांधावरची घोळ वाचली कारण मायने फवारणाऱ्याला तिथे पंप नेऊच दिला नाही, तिला भाजी पाहिजे होती, फुलपाखराशी तिचं काही देणंघेणं नाही.

त्या तीन अळ्यांचं काय झालं ते सांगतो. रोज ताजी घोळ टाकायचो, तिघी टपाटप खायच्या, मग बरणीच्या झाकणाला बांधलेल्या ओढणीच्या तुकड्याला उलट्या लटकून कोष झाले. एका कोषातून फुलपाखराऐवजी माशी निघाली, अळी बाहेर असतानाच माशीने तिच्यात डाव साधला होता. ओलांडमध्येही हेच आहे म्हणा, १९९१ साली तिथल्या सॉटुंगा नावाच्या बेटावर फुलपाखराच्या अळ्या नेऊन सोडल्या तर त्यांच्या पोटात बसून परजीवी गांधीलमाशीही पोचली, आणि त्या माशीच्या पोटात तिचा परजीवी. फुलपाखरू न्यायला गेले आणि वऱ्हाड सोबत आलं.

उरलेले दोन आठवड्याभराने एकाच सकाळी निघाले. एक नर, काळा, पांढऱ्या चंद्रांचा. दुसरी मादी, नारिंगी, पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरा पट्टा, हुबेहूब प्लेन टायगर, तेच जे रुईवर वाढतं, रुईचं विष अंगात साठवतं आणि म्हणून पक्षी ज्याला सोडून देतात. मायला बोलावून दाखवलं की हे दोघं भाऊ-बहीण आहेत. तिने वाकून बघितलं, सरळ सांगितलं की तू मला येडं समजतो का, ही तर रुईवरची आहे, कुठून तरी बरणीत शिरली असेल. मी ओढणी सोडली. नर लगेच उडून कडुलिंबावर गेला, मादी बराच वेळ बरणीच्या तोंडाशी पंख वाळवत बसली.

"मंग आते घोळ तोडू का नको?" माय म्हणाली.